मार्थामावशीची जुडी

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, सहकारातल्या तुमच्या गोड आठवणी लिहा. दिवाळीचा अंक आहे, जरा प्रसन्न असू द्या." मी हो म्हटलं. फोन ठेवून चहा टाकला आणि गोड आठवणी शोधायला बसले. दोन-तीन सापडल्या, त्या पुढे येतील. बाकी सगळा संताप आहे. निवृत्तीच्या दिवशी दिलेल्या शाल-नारळाबरोबर तोही मी पिशवीत घालून घरी आणला आणि अजून तो तसाच ताजा आहे. तेव्हा संपादकांनी माफ करावं.

मी भाजी पिकवणाऱ्यांच्या एका सहकारी सोसायटीची सचिव होते. राहायला बोरीवलीला आणि काम मनोरीला. असं सांगितलं की आमच्या बिल्डिंगमधले लोक हसायचे. "सावंतबाई, मुंबईत कसले हो शेतकरी?" आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी तर मला वीस वर्षं हाच एक विनोद ऐकवला. तोच माणूस रोज संध्याकाळी 'गावठी' लाल माठ घेऊन घरी जायचा. हा गावठी माठ कुठल्या गावठाणातून येतो, असं त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही.

जोशीकाकांचं सोडा. एका वर्षी उधाणाचं खारं पाणी बांध फोडून आत शिरलं आणि उभी भाजी करपली. अर्ज घेऊन मी एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर बराच वेळ खटखट केली आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या भागात पीकच नाहीये."

"म्हणजे? मी काल डोळ्यांनी बघून आलेय."

"बघितलं असेल हो. पण यादीत नाही ना. यादीत नाही म्हणजे नुकसान पण नाही."

करपलेल्या भाजीची पिशवी मी त्याच्या टेबलावर उपडी केली. त्याने शिपायाला हाक मारली आणि झाडू आणायला सांगितलं. आमच्या अर्जाचा निकाल तो एवढाच.

आता काम काय होतं ते सांगते. मनोरीला पावसाळ्यात भात होतं. ते कापलं की त्याच खाचरांत, बावडीच्या म्हणजे विहिरीच्या पाण्यावर, बायका भाजी करतात. लाल माठ, मुळा, मेथी, वांगी. पालेभाजीचं एक वाईट असतं, ती थांबत नाही. सकाळी तोडलेला माठ दुपारी मान टाकतो. जेट्टीवर उभा राहणाऱ्या व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो काही भांडत नाही, नुसता उभा राहतो. ऊन चढू देतो. बाई टोपलीवर पाणी मारते, पुन्हा मारते आणि शेवटी तो म्हणेल त्या भावाला टोपली रिकामी करते. ह्यात फसवणूक कुठेच नाही. म्हणून कुठल्या कचेरीत तक्रारही करता येत नाही.

सोसायटी काढली ती ह्यासाठी. सगळ्यांचा माल एकत्र करायचा, पहिल्या बोटीने खाडीपलीकडे मार्व्याला उतरवायचा, तिथून एक टेम्पो आणि बोरीवलीच्या मंडईत आमचा स्वतःचा गाळा. गाळा मिळवायला मी कचेऱ्यांच्या पायऱ्या किती झिजवल्या ते माझ्या गुडघ्यांना विचारा. तो मिळाला एका अटीवर: तिथे फक्त सभासदांनी पिकवलेला मालच विकायचा. आम्हाला अट मान्यच होती. गाळा होता तोवर व्यापाऱ्याने जेट्टीवर कितीही ऊन चढू दिलं तरी काही बिघडत नव्हतं. गाळा गेला की सगळ्या पुन्हा त्याच्यासमोर टोपली घेऊन उभ्या राहणार. हे प्रत्येकीला माहीत होतं. सगळ्यांत जास्त मार्थामावशीला.

मार्थामावशी आमची पहिली सभासद. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, हाताने काटक, तोंडाने फटकळ. नवरा गेल्यावर दोन मुली आणि एक मुलगा तिने माठ-मुळ्यावर वाढवले. पण कागदावर ती शेतकरी नव्हती, कारण सातबाऱ्यावर दिराचं नाव. दिराचं संमतिपत्र जोडून तिला सभासद करायला मला आठ महिने लागले. आमचे अध्यक्ष मात्र कागदावर पक्के शेतकरी. त्यांच्या खाचरात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी दोन कॉटेजेस आणि मध्ये निळा पोहण्याचा हौद होता. सातबाऱ्यावर तिथे अजून भात उभं होतं.

आता जुडीवरच्या गाठीबद्दल. सगळं तिच्यावरच आलं.

भाजीची जुडी बांधायला आमच्या बायका केळीचं सोपट वापरायच्या, म्हणजे केळीच्या खोडाची वाळलेली साल. भिजवली की मऊ होते आणि पानांना कापत नाही. प्रत्येक घराची गाठ वेगळी. कुणाची सरळ, कुणाची पीळ मारलेली, कुणी देठाखाली बांधायचं, कुणी मध्यावर. मार्थामावशीची गाठ दुहेरी आणि सोपटाचं टोक आत खोचलेलं. ही पद्धत कुणी ठरवली नव्हती. पूर्वी एकाच होडीत दहा घरांच्या टोपल्या यायच्या, त्या ओळखायला ती पडली असावी. टोपलीत गवत निघालं, जुडी आतून सडकी निघाली, तर मार्व्याला उतरल्या उतरल्या कळायचं कुणाची ते. आणि मग त्या बाईची बोटीत जी खरडपट्टी निघायची! आठवडाभर तिला तोंड वर करता यायचं नाही.

गिऱ्हाइकांनाही गाठी पाठ झाल्या होत्या. गाळ्यावर एक मीनाबेन यायच्या, शिंपोलीच्या. आमच्या सगळ्यांत तापदायक गिऱ्हाईक. चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन ढीग उपसायच्या. "वो दो गाठवाली किधर है? मला तीच पायजे." मी एकदा वैतागून म्हटलं, "मीनाबेन, सगळा माठ एकाच गावचा आहे हो!" त्या म्हणाल्या, "गाव एक हाय, हाथ एक नाय." आणि दोन गाठींची जुडी मिळाली नाही तर माठ न घेता सरळ निघून गेल्या. ही माझ्या गोड आठवणींतली एक.

आता माझा शहाणपणा ऐका.

मला एका प्रशिक्षणाला पाठवलं. तीन दिवस, जेवणखाण, पडद्यावर चित्रं. व्याख्यात्याने सांगितलं, सहकार मजबूत करायचा तर माल एकसारखा दिसला पाहिजे. एकच आकार, एकच बांधणी, एकच नाव. ग्राहकाला सोसायटी दिसली पाहिजे, व्यक्ती नाही. मी भराभर उतरवून घेतलं. डोक्यात असा काही प्रकाश पडला म्हणता! बोरीवलीला उतरले ती हिरव्या रबरबँडांची दोन मोठी पाकिटं घेऊनच.

सर्वसाधारण सभा चर्चच्या मागच्या हॉलमध्ये असायची. मी ठराव मांडला. आजपासून सोपट बंद, रबरबँड चालू. अध्यक्ष म्हणाले, "झकास! एकदम प्रोफेशनल." तरुण सुना खूश, कारण वेळ वाचणार. मार्थामावशी मागच्या बाकावरून उठली.

"गो बाय, गाठ नाय तर माझी जुडी मना कशी कलेल?"

मी म्हटलं, "कळायचीच नाही मावशी. ती आता तुझी नाही, सोसायटीची. हाच तर सहकार आहे."

सगळे हसले. मीही हसले. मावशी म्हणाली, "सोसायटी काय खाचरात बसून गवत निवडते?" ह्यावरही हसले सगळे. ठराव हात वर करून मंजूर झाला आणि मी तो सुवाच्य अक्षरात वहीत लिहिला. अजून आठवलं की कानशिलं तापतात माझी.

पहिले दोन महिने गाळा काय दिसायचा! सगळ्या जुड्या हिरव्या पट्ट्यात, रांगेत. मी फोटो काढून तालुक्याला पाठवले. मग हळूहळू जुड्या बारीक व्हायला लागल्या. आत गवत यायला लागलं. बाहेरून टवटवीत आणि मधोमध पिवळी पानं. कुणाला विचारणार? विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघायच्या. ज्या बायका बोटीत एकमेकींची पिसं काढायच्या त्या आता गप्प, कारण बोट कुणाकडे दाखवणार? ह्या काही लबाड बायका नव्हत्या हो. एकीने घाईत तण राहू दिलं, दुसरीने ते बघितलं आणि तिला वाटलं, मग मीच का मरमर करू? मार्थामावशी तेवढी पूर्वीसारखीच निवडत राहिली. तिचा माठ बाकीच्यांच्या माठात मिसळून जायचा. मीनाबेननी एक जुडी उघडली, बघितली, परत ठेवली आणि त्यानंतर त्या आल्याच नाहीत.

माल कमी पडायला लागला. आणि इथे अध्यक्षांनी हात दाखवला. घाऊक बाजारातून माठाच्या गोण्या उचलायच्या, मागच्या बाजूला जुड्या सोडायच्या, आमचे हिरवे रबर चढवायचे आणि गाळ्यावर लावायच्या. मला कळलं ते मुळांवरून. आमच्या मनोरीची माती वाळूमिश्रित, झटकली की पडते. ह्या मुळांना काळा चिखल चिकटलेला होता.

"हा माल आपला नाही," मी म्हटलं.

"मॅडम, दोन दिवसांचा प्रश्न आहे. गिऱ्हाईक परत गेलं तर वाट लागेल सोसायटीची."

"अट माहितीये ना गाळ्याची?"

"अहो, रबर तर आपलंच आहे ना!"

मी तिथल्या तिथे गाळा बंद करायला हवा होता. नाही केला. का नाही, तेही सांगते, आता लपवून काय करायचं? जिल्ह्याच्या आदर्श सोसायटीच्या बक्षिसासाठी आमचं नाव वर गेलं होतं आणि मला ते बक्षीस हवं होतं. स्टेज, हार, फोटो. वीस वर्षं कचेऱ्यांतून हाकलून घेतल्यावर एकदा तरी कुणी खुर्ची द्यावी असं वाटत होतं. म्हणून मी दोन दिवस गप्प बसले. दोनाचे पंधरा झाले, आणि चिखल दिसू नये म्हणून अध्यक्ष सगळ्याच जुड्यांची मुळं धुऊन लावायला लागले.

जेट्टीवरच्या व्यापाऱ्याचा माणूस घाऊक बाजारात असायचाच. त्याने आमचा टेम्पो बघितला. तक्रार गेली. आणि ज्या कचेरीला आमची करपलेली भाजी कधी दिसली नव्हती, तिचे लोक तिसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यावर हजर!

साहेब तरुण होता, बोलायला सभ्य. त्याने ढिगातल्या वीस-पंचवीस जुड्या उचलून कट्ट्यावर ठेवल्या आणि विचारलं, "ह्यातल्या सभासदांच्या कुठल्या, तेवढं दाखवा."

अध्यक्षांना नेमका तेव्हाच फोन आला. बोलत बोलत ते मंडईबाहेर गेले. मार्थामावशी त्या दिवशी गाळ्यावर बसायला आली होती, प्रत्येकीची पाळी असायची. साहेबाने तिला पुढे बोलावलं. "मावशी, तुमची कुठली?"

तिने एकेक जुडी हातात घेतली, उलटी केली, देठ बघितले. दोन-चार बाजूला काढल्या आणि परत ठेवल्या. खोटं बोलून चार जुड्या पुढे केल्या असत्या तरी चाललं असतं. साहेबाला काय कळणार होतं?

"मना नाय सांगता येत," ती म्हणाली. "गाठ होती तवा आंधली असते तरी सांगितली असती."

माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मला ते फार लागलं. त्यापेक्षा चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी सुनावणी होती. ह्या वेळी बायकांनी मला विचारलं नाही, स्वतःच ठरवलं. सुनावणीच्या सकाळी प्रत्येकीने आपापल्या सोपटाने दोन-दोन जुड्या बांधून आणल्या आणि साहेबाच्या टेबलावर ढीग केला. "मिसल, तुला पायजे तसा," मार्थामावशी शिपायाला म्हणाली. त्याने ढीग मिसळला. मग एकेक बाई पुढे आली आणि आपल्या दोन उचलून बाजूला झाली. एकीचीही चूक नाही. शेवटी मावशी आली. एक जुडी उचलली, दुसरी उचलून परत टाकली.

"ही माझी नाय. माझ्या सुनेनी बांधली हाय. तिला टोक आत खोचता येत नाय, किती शिकवा."

सून लाजून लाल झाली. साहेब हसला, शिपाई हसला, सगळं ऑफिस गोळा झालं. साहेबाने मोबाइलवर फोटो काढला. मी मनात म्हटलं, जिंकलो! जोशीकाकांना इथे आणून उभं करायला हवं होतं.

साहेबाने मोबाइल खिशात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "छान आहे मॅडम. पण तपासणीच्या दिवशी ह्या गाठी होत्या का?"

नव्हत्या. मीच काढल्या होत्या, ठराव करून, सुवाच्य अक्षरात.

मी लेखी दिलं की बाहेरचा माल येत होता, तो अध्यक्षांनी आणला, मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. सभासद बायकांचा ह्यात हात नाही, शिक्षा करायची तर आम्हा दोघांना करा. कागद फाइलला लागला. आणि निकाल काय, तर गाळा रद्द. अध्यक्षांना समज देण्यात आली. समज! शाळेत पोराला देतात तशी. मला निवृत्तीला सात महिने होते, माझ्यावर काही कारवाई करायची तसदीसुद्धा कुणी घेतली नाही. पहाटे उठून माठ तोडणाऱ्या बायकांनी कुठली अट मोडली होती, हे त्या निकालात एका ओळीत तरी लिहायचं होतं. मी तो चार वेळा वाचला. त्यात 'सोसायटी' हा शब्द प्रत्येक ओळीत आहे आणि मार्था हे नाव एकदाही नाही.

सोसायटी वर्षाच्या आत गुंडाळली गेली. आमच्या गाळ्यावर आता मोबाइलची कव्हरं मिळतात. अध्यक्षांनी तिसरं कॉटेज बांधलं. बायका पुन्हा जेट्टीवर उभ्या राहायला लागल्या. मी नारळ घेऊन घरी बसले आणि मनोरीला जायची हिंमत मला झाली नाही. लाज वाटायची, दुसरं काय? मावशीला फोन करायला दहादा हात जायचा आणि परत यायचा.

मागच्या हिवाळ्यात बोरीवलीच्या एका मोठ्या, गारेगार दुकानात गेले होते. पालेभाजीच्या कप्प्यावर पाटी: 'थेट शेतकऱ्याच्या शेतातून'. वर एका हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो, फेटा बांधलेला. आमच्या बायकांतली एकही त्यात नव्हती, हे सांगायला नकोच. लाल माठाच्या जुड्यांना रबरबँड, व्यापाऱ्याचे, लाल रंगाचे. एक घेतली. घरी येऊन निवडायला बसले, रबर काढलं, तर जुडी सुटेना. बघते तर रबराच्या खाली, आत, केळीचं सोपट. दुहेरी गाठ. टोक आत खोचलेलं.

मी तशीच बसून राहिले. मग रडले. मग फोन केला.

"मावशी, व्यापारी वरून रबर लावतो ना? मग खाली गाठ कुणासाठी मारतेस?"

ती म्हणाली, "तू बघितलीस ना?"

मी पुन्हा रडायला लागले.

"रडतेस काय गो? माठ शिजव अगोदर, वालंल तो. आणि मग ये हिकडं. तुला भांडायला येतं, घरात बसून कोनाशी भांडतेस?"

गेले मी. बोटीतून उतरले तर जेट्टीवर ती टोपली घेऊन उभी, समोर व्यापारी उभा, आणि ऊन चढत होतं. माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

नवी सोसायटी नोंदवायला दहा वेगवेगळ्या घरांतले दहा जण लागतात. दहा सह्या गोळा करायला मला तीन महिने लागले. बायका म्हणायच्या, "बाई, पुन्हा तुझं रबर आणशील." मी म्हटलं, लिहूनच देते. सोसायटीचे स्वतःचे नियम अर्जाबरोबर द्यावे लागतात, त्यांना उपविधी म्हणतात. सगळे छापील नमुन्याप्रमाणे भरले आणि वर एक नियम हाताने लिहिला: 'प्रत्येक सभासद आपली जुडी आपल्या घराच्या गाठीनेच बांधील. गाठ नसलेली जुडी सोसायटी घेणार नाही आणि विकणारही नाही.'

कचेरीतला साहेब आता दुसरा आहे. त्याने अर्ज वाचला, ह्या नियमापाशी थांबला आणि पेन्सिलीने गोल केला.

"बाई, हे असलं नमुन्यात बसत नाही. एवढी एक ओळ खोडा, उद्या सही करतो."

"दहाही जणींना विचारून सांगते," मी म्हटलं आणि तिथूनच मावशीला फोन लावला, स्पीकरवर. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाकीच्या सगल्या ओली खोड बोल त्याला," ती म्हणाली. "ती एक ठेव."

साहेब हसला नाही. अर्ज अजून त्याच्या टेबलावर आहे. मी दर सोमवारी जाऊन समोरच्या बाकावर बसते. शिपाई आता न विचारता पाणी आणून देतो. ती ओळ मी खोडलेली नाही.